सॅलरी अकाउंट मायनसमध्ये नेलं आणि इन्कम टॅक्सचा रिफंड आला की त्यातून ५,७५९ रुपये कापले, परत मिळतील का?

चाकणचा_वाटसरू · ४ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी, डोकं फिरलय त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सप्टेंबर २०२४ पर्यंत चाकणला एका कंपनीत होतो, तिथे सगळ्यांचं सॅलरी अकाउंट एका मोठ्या खासगी बँकेत (नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको). झिरो बॅलन्स, त्यामुळे कधी लक्षच दिलं नाही. नोकरी बदलली, नव्या कंपनीने दुसऱ्या बँकेत खातं काढायला लावलं, ऑक्टोबरमध्ये जुन्या कंपनीचा हिशोब जमा झाला आणि नंतर मी त्या खात्याकडे ढुंकून पण पाहिलं नाही. त्यातून २,००० ची एक एसआयपी चालू होती, म्हटलं पैसे आहेत तोवर जाईल, मग बघू. हे "मग बघू" अंगाशी आलं.

आता गंमत अशी की इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर रिफंडसाठी तेच जुनं खातं व्हॅलिडेट केलेलं. १८ सप्टेंबरला रिफंड आला ११,३४० रुपये. मी खूश. अ‍ॅप उघडलं तर बॅलन्स ५,५८०.९५! स्टेटमेंट काढलं तर कळलं की खातं आधीच मायनस ५,७५९.०५ मध्ये होतं आणि रिफंड पडल्या पडल्या बँकेने आपले पैसे आधी काढून घेतले.

मार्चच्या सुरुवातीला खात्यात होते ४१२.३५. त्यानंतरचं सगळं असं:

मिनिमम बॅलन्स नाही म्हणून दर महिन्याला ५०० अधिक जीएसटी म्हणजे ५९०, असे ७ वेळा, ४,१३०
एसआयपी बाउन्स झाली (मार्च, एप्रिल, मे) ५९० प्रमाणे ३ वेळा, १,७७०
डेबिट कार्डची वार्षिक फी २३६ (कार्ड कुठे आहे देवाला माहीत)
एसएमएस चार्ज ३५.४०

एकूण ६,१७१.४०. म्हणजे एसएमएसचे पण पैसे घेतले, आणि मला एसएमएस एकही आला नाही!

ब्रँचला गेलो. तिथली मॅडम म्हणाली सर, तीन महिने सॅलरी क्रेडिट नाही झाली की खातं आपोआप नॉर्मल सेव्हिंगला जातं, मग १०,००० मिनिमम ठेवावे लागतात, सिस्टीमने कापलेत, आमच्या हातात काही नाही. कस्टमर केअरला फोन केला, अर्धा तास ते गाणं ऐकलं, मग बाई म्हणाली "गुडविल म्हणून" १,००० परत देऊ पण तक्रार बंद करावी लागेल. मी म्हटलं विचार करून सांगतो.

हे कायद्यात बसतं का? मी ओव्हरड्राफ्ट कधी मागितलाच नव्हता, खातं मायनसमध्ये नेलं त्यांनीच. आणि सिबिल खराब होईल का? बायको म्हणतेय सोडून दे, पण आता हा पैशाचा प्रश्न राहिला नाही.

कटिंगचहा

बायकोचं ऐक भावा. ५,७०० रुपयांसाठी तू ज्या फेऱ्या मारशील त्याचं पेट्रोलच तेवढं होईल. बँकेशी भांडून कोण जिंकलय आजवर.

बाय द वे ही लूट जुनीच आहे. २०१७ मध्ये स्टेट बँकेने एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत मिनिमम बॅलन्सच्या दंडातून १,७७१ कोटी गोळा केले होते, त्यांच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या नफ्यापेक्षा जास्त. बोंबाबोंब झाली, मग मार्च २०२० मध्ये त्यांनी तो दंड सगळ्या सेव्हिंग खात्यांना माफ केला. यंदा कॅनरा, पीएनबी, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनी पण काढून टाकला. उलट आयसीआयसीआयने ऑगस्टमध्ये शहरातल्या नव्या खात्यांना ५०,००० सांगितले, आरडाओरडा झाल्यावर १५,००० वर आले. आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर साहेब म्हणाले किमान शिल्लक किती ते बँकांनी ठरवायचं. झालं. कुणाकडे जाणार तू?

निवृत्त_कॅशियर

वाटसरू, पेट्रोल वगैरे काही जाळायचं नाही, सगळं घरबसल्या होतं. मी बँकेत ३४ वर्ष काढली, त्यातली शेवटची काही तक्रार विभागातच, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय चालतं ते थोडं ठाऊक आहे. सावकाश वाच.

कटिंगचहा म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. किमान शिल्लक किती आणि दंड किती हे बँकेचं बोर्ड ठरवतं, त्यात रिझर्व्ह बँक पडत नाही. पण दंड कसा लावायचा याचे नियम आहेत. २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. त्यात जे आहे ते माझ्या भाषेत सांगतो. शिल्लक कमी पडली की आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने स्पष्ट कळवायचं की एवढ्या दिवसांत भरली नाहीत तर दंड लागेल. कळवल्यापासून निदान एक महिना द्यायचा. मग दंड घ्यायचा तो जेवढी शिल्लक कमी त्या प्रमाणात घ्यायचा, सरसकट नाही. आणि तुझ्या कामाचं वाक्य हे, की केवळ किमान शिल्लक नसल्याच्या दंडामुळे सेव्हिंग खातं उणे होता कामा नये.

बँकेत आम्ही याला टीओडी पडला म्हणायचो, टेम्पररी ओव्हरड्राफ्ट. एखाद्या चांगल्या गिऱ्हाइकाचा चेक आला, खात्यात दोन हजार कमी आहेत, मॅनेजरने सही करून पास केला, तो खरा टीओडी. तुझ्या बाबतीत सिस्टीमनेच चार्ज टाकून टाकून टीओडी केला. ४१२ रुपये संपल्यावर तिथे थांबायला हवं होतं.

आता बँक काय उत्तर देईल ते आधीच सांगतो म्हणजे तू गडबडणार नाहीस.

पहिलं उत्तर, "खातं फक्त दंडामुळे नाही तर ईसीएस रिटर्न चार्जमुळे पण उणे झालं." ईसीएस रिटर्न म्हणजे तुझी एसआयपी बाउन्स होणं. यात थोडं तथ्य आहे. ते परिपत्रक किमान शिल्लकेच्या दंडापुरतं बोलतं, एसआयपी बाउन्सबद्दल बोलत नाही. म्हणून तू सगळे ६,१७१ एका पोत्यात घालून मागू नकोस, पोतं तिथेच फाटेल. ४,१३० वेगळे काढ, ते तुझं मुख्य भांडण. १,७७० वेगळे, तिथे तुझीही चूक आहे, एसआयपीचं मॅन्डेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) चालू ठेवून खातं रिकामं ठेवलस. कार्डाची फी वेगळी.

दुसरं उत्तर, "आम्ही कळवलं होतं." मग विचार कुठल्या तारखेला, कुठल्या नंबरवर, कुठल्या ईमेलवर, मजकूर काय. एसएमएसचा लॉग बँकेकडे असतो. आणि हे पण विचार की तुझ्या खात्याचा स्कीम कोड, म्हणजे खात्याचा प्रकार, सॅलरीवरून साध्या सेव्हिंगला कुठल्या तारखेला बदलला. ब्रँचमध्ये एका क्लिकवर दिसतं, "हातात नाही" वगैरे काही नाही. ती तारीख आणि पहिल्या दंडाची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघ, बहुतेक वेळा एक महिन्याचं अंतर भरत नाही.

ते गुडविलचे १,००० आत्ता घेऊ नकोस. घेतलेस की तक्रार "समाधानाने निकाली" अशी बंद होते.

तुझा मोबाईल नंबर बँकेत कुठला आहे?

चाकणचा_वाटसरू

काका, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलत. बँकेत नंबर होता तो कंपनीचा. सीयूजी सिम, नोकरी सोडताना जमा केलं. अपडेट करायचं राहिलं 🤦 म्हणजे एसएमएस बहुतेक माझ्या जागी आलेल्या पोराला जात असणार, तो बिचारा म्हणत असेल हे कसले मेसेज.

पण ईमेल माझा पर्सनलच आहे. तुमचं वाचून आत्ता सगळा मेलबॉक्स उपसला, स्पॅम पण. फेब्रुवारी ते सप्टेंबर त्या बँकेकडून एकूण २६ मेल. १७ प्री-अप्रूव्ड लोनचे, बाकीचे क्रेडिट कार्ड, दिवाळीच्या आधीच दिवाळी ऑफर, एक केवायसीचा. शिल्लक कमी आहे किंवा दंड लागणार असा एकही नाही. मायनस खात्याच्या माणसाला पाच लाखाचं लोन देत होते!

निवृत्त_कॅशियर

मग तुझी केस तू समजतोस त्यापेक्षा बरी आहे. नंबर न बदलणं ही तुझी चूक, ती तक्रारीत लपवू नकोस, आपणहून लिही. पण कर्ज विकायला तुझा ईमेल सापडतो आणि दंड कळवायला सापडत नाही हे त्यांना समजावून सांगता येणार नाही. त्या १७ मेलचे स्क्रीनशॉट जोड.

तक्रार ईमेलने कर, फोनवर नाही. फोनवरचं कुणी वाचत नाही. बँकेच्या वेबसाइटवर ग्रिव्हन्स म्हणून पान असतं, तिथे नोडल ऑफिसरचा, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याचा, पत्ता असतो. मजकूर असा काहीसा ठेव, इंग्रजीत कर नाहीतर मराठीतच पाठव:

*"माझे वरील खाते वेतन खाते होते. ते साध्या बचत खात्यात कोणत्या तारखेस बदलले व त्याची सूचना मला कोणत्या तारखेस, कोणत्या माध्यमातून दिली याची प्रत द्यावी. मार्च ते सप्टेंबर २०२५ या काळात किमान शिल्लक नसल्याबद्दल रु. ४,१३० आकारले आहेत. त्यापूर्वी सूचना व एक महिन्याची मुदत मिळालेली नाही, तसेच या आकारणीमुळे खाते उणे झाले आहे. हे रिझर्व्ह बँकेच्या २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाशी विसंगत आहे. सदर रक्कम जीएसटीसह परत करावी. कार्ड शुल्क व ईसीएस परतावा शुल्काचा तपशील स्वतंत्रपणे द्यावा. जुना मोबाईल क्रमांक बदलण्याचे माझ्याकडून राहिले, तथापि माझा ईमेल बँकेकडे नोंदलेला असून बँकेचे इतर संदेश त्यावर नियमित येत होते."*

एवढंच. "लूट", "दरोडा", "मीडियात जाईन" असलं काही घालू नकोस. आमच्या टेबलावर असली पत्रं रोज यायची, ती ढिगाच्या खाली जायची. तारीख आणि रक्कम असलेलं पत्र आलं की साहेब लोक चष्मा लावायचे.

सिबिलचं म्हणशील तर तू कर्ज घेतलेलं नाहीस, पण खात्री करून घ्यायला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघ.

सोनचाफा_कोल्हापूर

मी पण हे केलय, आईच्या खात्यासाठी. तिची विधवा पेन्शन यायची त्या खात्यातून दर तिमाहीला पैसे कापले जायचे आणि तिला वाटायचं सरकारनेच पेन्शन कमी केली, दोन वर्ष कुणाला बोललीच नाही!! मी पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं. ब्रँचमध्ये भांडले तर मॅनेजर म्हणाले ताई, खातं झिरो बॅलन्सचं करून घ्या म्हणजे पुढचा त्रास नको. बेसिक सेव्हिंग खातं म्हणतात त्याला, बीएसबीडी, प्रत्येक बँकेला ते द्यावंच लागतं, फक्त त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग खातं ठेवता येत नाही आणि महिन्याला चार वेळा पैसे काढता येतात फुकट. आईला चार म्हणजे खूप झाले.

मागचे पैसे मात्र तिथल्या तिथे दिले नाहीत, त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालकडे गेले, बँकांविरुद्धच्या तक्रारी बघतात ते. सीएमएस म्हणून रिझर्व्ह बँकेची साइट आहे, तिथे फॉर्म भरायचा, फी नाही, वकील नाही. आधी बँकेला लेखी तक्रार केलेली असली पाहिजे आणि ३० दिवस थांबायला पाहिजे, मी घाईत विसाव्या दिवशीच भरला तर सरळ परत आला, पुन्हा सगळं टाइप. १४४४८ ला फोन केला तर मराठीत बोलतात, मला एका मुलीने नीट सांगितलं कुठल्या रकान्यात काय. फॉर्म गेल्यावर दहा-बारा दिवसांत बँकेचाच फोन, ताई किती पैसे होते म्हणाले ते!! आधी महिनाभर फोन उचलत नव्हते.

आमच्या काकांचं असंच पतसंस्थेत झालेलं पण तिथे लोकपाल चालत नाही, पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या खाली येत नाही, त्यांना सहाय्यक निबंधकाकडे अर्ज करायला लागला. तो अजून तिथेच आहे.

रेडिंगची_मंजू

इथे इंग्लंडमध्ये हाच तमाशा मोठा झाला होता. न मागता ओव्हरड्राफ्ट झाला की बँका एका वेळी ३०-३५ पौंड लावायच्या, आणि २००६-०७ च्या आसपास लोकांनी ठरवून पत्रं पाठवायला सुरुवात केली, छापील नमुना घ्यायचा, सहा वर्षांचा हिशोब मागायचा, आणि बँका कोर्टात जायच्या आधीच गुपचूप पैसे परत द्यायच्या. आमच्या शेजारच्या आजींना असे बरेच मिळाले होते. मग केस सुप्रीम कोर्टात गेली आणि २५ नोव्हेंबर २००९ ला निकाल बँकांच्या बाजूने लागला, म्हणजे हे चार्ज योग्य आहेत की नाहीत हे त्या कायद्याखाली तपासताच येणार नाही असं काहीसं, आणि ती लाट एका दिवसात बसली. ठरावीक दंड बंद व्हायला एप्रिल २०२० उजाडलं, आता फक्त वार्षिक व्याज लावतात, ते पण बहुतेक बँकांचं ४० टक्क्यांच्या घरात.

सांगायचं कारण, तिकडे पण "हे चार्ज अन्याय्य आहेत" म्हणून लढणारे हरले, आणि "तुम्ही तुमचाच नियम मोडला" किंवा "मी अडचणीत होतो, तुम्ही मदत केली नाही" म्हणणाऱ्यांना लोकपालकडून नंतर पण पैसे मिळत राहिले.

कटिंगचहा

लंडनचं इथे काय कामाचं ताई 😄 इथे ब्रँचमध्ये पेन दोरीला बांधून ठेवतात.

निवृत्त_कॅशियर

कामाचं आहे, मंजूताईंनी नेमकं सांगितलं. आपल्याकडेही लोकपाल "दंड फार जास्त आहे" अशी तक्रार घेत नाही, तो बँकेचा व्यावसायिक निर्णय म्हणून बाद होतो. पण "दंड लावताना रिझर्व्ह बँकेचा नियम पाळला नाही" ही सेवेतली त्रुटी, ती घेतात. भांडण तेच, पण पहिलं वाक्य चुकलं की फाइल बंद. मी स्वतः असे अर्ज परत गेलेले पाहिलेत ज्यात माणूस शंभर टक्के खरा होता.

आणखी एक. मोठ्या बँकांत इंटर्नल ओंबड्समन, म्हणजे बँकेच्या आतलाच लोकपाल, बसवलेला असतो. तुझी तक्रार पूर्ण किंवा अर्धी नाकारायची असेल तर तुला कळवण्याआधी बँकेने ती त्याच्याकडे पाठवायची असते. म्हणून "नाही" असं उत्तर आलं तर विचार, हे इंटर्नल ओंबड्समनने पाहिलंय का? या एका प्रश्नाने बरीच उत्तरं बदललेली बघितली आहेत.

पेठेतला_वकील

थोडी भर. लोकपालकडे जायला बँकेच्या उत्तरापासून एक वर्ष असतं, त्यामुळे घाई नाही पण विसरू पण नका. ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा, तिथे मुदत दोन वर्ष, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ऑनलाइन टाकता येते. पण एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ नका, आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही. ४,१३० साठी मी आयोगात जाणार नाही, लोकपालच बरा. (आणि हो, वकील असून सांगतोय, लोकपालकडे वकिलामार्फत तक्रार चालतच नाही, त्यामुळे मला पैसे द्यायचा प्रश्न नाही.)

रिफंडमधून परस्पर कापल्याबद्दल. बँकेला सेट-ऑफचा हक्क असतो, म्हणजे तुमचं देणं असेल तर तुमच्या जमेतून वळतं करता येतं. त्यामुळे "माझ्या इन्कम टॅक्सच्या रिफंडला हात कसा लावला" यावर वेळ घालवू नका. मुळात ते देणं होतं का, यावर भांडा.

गोदाकाठ

ट्विटरवर बँकेला टॅग करून लिहा, लगेच रिप्लाय येतो. माझा तर पाच मिनिटांत आला.

सोनचाफा_कोल्हापूर

पाच मिनिटांत आला तो बँकेचा नव्हता बहुतेक!! माझ्या भावाला असाच आला होता, बँकेचा लोगो, "कस्टमर केअर" नाव, फॉर्म भरा म्हणाला, मग एक अ‍ॅप टाका म्हणाला. नशीब ओटीपी द्यायच्या आधी मला फोन केला. ट्विटरवर लिहायचं तर लिहा पण खाते नंबर, मोबाईल काही टाकू नका. आणि लोकपालच्या नावाने "रक्कम मंजूर झालीय, प्रोसेसिंग फी भरा" असे पण फोन येतात, तिथे कसलीच फी नसते हे लक्षात ठेवा.

गोदाकाठ

बापरे. मी फॉर्म भरलाय. कार्ड ब्लॉक करून येतो.

चाकणचा_वाटसरू · २२ नोव्हेंबर २०२५

अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा, मधे दिवाळी आणि मुलीचा ताप.

काकांनी दिलेला मजकूर जवळजवळ तसाच ६ ऑक्टोबरला पाठवला, सोबत स्टेटमेंट आणि ते १७ मेल. नवव्या दिवशी उत्तर आलं, इंग्रजीत अडीच पानं, सार एवढंच की चार्ज नियमानुसार आहेत, एसएमएस पाठवले होते, "आपल्या संयमाबद्दल आभार". पण त्यात एक गोष्ट त्यांनी स्वतःच लिहून दिली. खातं बदलल्याचा आणि शिल्लक ठेवा म्हणणारा एसएमएस १० फेब्रुवारीचा, आणि पहिला दंड ५ मार्चचा. मी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर मोजलं. २३ दिवस!

लगेच उलट मेल केला. तीन ओळी. तुमच्याच उत्तराप्रमाणे एक महिना पूर्ण झालेला नाही. खातं उणे झाल्याच्या मुद्द्यावर तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. हे उत्तर इंटर्नल ओंबड्समनने पाहिलं आहे का ते कळवावं. वर लिहिलं की ३० दिवस पूर्ण झाले की लोकपालकडे जाणार. धमकी नाही, नुसती माहिती.

मग दोन आठवडे सामसूम. बायको "बघ" अशा नजरेने बघतेय. ३ नोव्हेंबरला मुंबईहून फोन, प्रिन्सिपल नोडल ऑफिसरच्या ऑफिसमधून, माणूस एकदम सभ्य. म्हणाला सर, पहिल्या महिन्याचे ५९० चुकून लागलेत ते देतो. मी म्हटलं आणि बाकीचे सहा? म्हणाला बाकीच्यांना महिना उलटून गेलेला आहे. मी म्हटलं बरोबर, पण तोवर खात्यात होतं काय? ४१२ रुपये. ते पहिल्याच झटक्यात गेले, पुढचा प्रत्येक दंड मायनसमध्येच पडलाय. मग तो म्हणाला बाउन्सचे चार्ज पण होते ना सर, उणे त्यामुळे झालं. (काका!! शब्दशः तुम्ही म्हणालात तसं.) मी म्हटलं मार्चमध्ये आधी दंड पडलाय ५ तारखेला, एसआयपी आली १० ला. स्टेटमेंट तुमचंच आहे. ४१२ मधून ५९० वजा केले की काय होतं ते तुम्हीच सांगा. तो दोन मिनिटं काही बोललाच नाही, नुसता कीबोर्डचा आवाज.

७ तारखेला ४,१३० जमा. जीएसटीसकट. कार्डाचे २३६ पण दिले, ते मी धरलेच नव्हते, कार्ड कधी वापरलं नाही म्हणून असेल. बाउन्सचे १,७७० नाही दिले आणि मी पण सोडले, ती माझीच चूक. एसएमएसचे ३५.४० वरून मात्र मी अजून चिडलेलो आहे.

लोकपालपर्यंत जायची वेळ आली नाही. काका, ताई, वकीलसाहेब, मंजूताई, सगळ्यांना मिसळ माझ्याकडून, चाकणला आलात की कळवा.

कटिंगचहा

मान गये. मी पण जरा जुन्या खात्याचं स्टेटमेंट काढून बघतो. २०२२ चं आहे, चालेल का काका?

निवृत्त_कॅशियर

बँकेला लिहायला हरकत नाही, उत्तर काय येतं बघू. आधी रकमेच्या पुढे तारखा लिहून काढ, मग इथे टाक.

वाटसरू, छान केलंस, विशेषतः ५ आणि १० तारखेचं. ते मलाही सुचलं नव्हतं. खातं बंद केलंस ना? की परत झोपवून ठेवलयस?

चाकणचा_वाटसरू

अजून नाही काका, सोमवारी जातो. रिफंडचं खातं पोर्टलवर आधी बदललं. मोबाईल नंबर पण बदलला. फक्त चेकबुक परत द्या म्हणताहेत आणि ते कुठे ठेवलय ते सापडत नाहीये.

निवृत्त_कॅशियर

हरवलं म्हणून साधा अर्ज दे, चालतो. आणि खातं बंद झाल्याचं पत्र शिक्क्यासकट घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नकोस.

सोनचाफा_कोल्हापूर

आणि येताना दोरीचं पेन आणू नका 😄